दादऱ्यातून निसटलेल्या

आई, काल फुलंब्रीला गेले होते. बांधावरच्या जांभळाला पालवी फुटली आहे आणि कोवळ्या पानांवर पुन्हा फोड उठलेत. भाऊ झाड तोडायचं म्हणतो. अगदी बापावर गेलाय, दादांचाच सूर. "लई रोगट झालंय. तोडू अन् मोकळं होऊ," दादा म्हणाले होते, आणि तू चुलीपुढून न उठता म्हणालीस, "माझ्या माहेरचं रोप हाय ते. एक साल थांबा."

दर होळीला तू फोडांची पानं खुडून गोवऱ्यांसोबत जाळायचीस. इडापिडा जाते म्हणे. पीडा काही जाईना, उलट वाढायचीच. त्या साली तू थोडी पानं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून तोंडावर फडक्याचा दादरा बांधलास, मला दाखवायला. मी शहरात कॉलेजात किडे शिकत होते, म्हणून साऱ्या किड्यांचा जाब मलाच! मला यायला उशीर झाला. बरणीत इवले पंखवाले किडे धडपडतायत, आणि विरलेल्या कापडातून निसटून बाहेर बसल्यात त्याहून बारीक, काळ्या माश्या. भिंगातून बघून मी सांगते, फोड केले ते आतल्यांनी. बाहेरच्या त्याच फोडांत, त्यांनाच खाऊन वाढल्या. तू पदर तोंडाला लावतेस. "अगं बया! म्हंजी व्हळीत आपण राखणदारच जाळत व्हतो?"

मग पानं होळीत गेली नाहीत. ती गाडग्यांत भरून, विरलेले दादरे बांधून गाडगी सावलीतल्या फांद्यांना टांगलीस. राखणदार बाहेर, चोर आत. दादा चिडवायचे, "झाडाचं लोणचं घालायलीस काय?" "व्हय, मुरू द्या की." आणि मुरलं गं! दोन-तीन पालव्यांत पानं बरीच नितळ झाली, दादांनी कुऱ्हाडीचं नाव टाकलं. मला त्या दिवसांत तुझा फार अभिमान वाटायचा.

तू गेल्यावर गाडगी कुणी बांधलीच नाहीत. काल भावाला म्हटलं, "एक साल थांब." तो दचकून हसला, म्हणाला, "आईच बोलली की!" वहिनीनं लगेच दादऱ्यांसाठी जुनं धोतर फाडायला घेतलं. संध्याकाळपर्यंत गाडगी टांगून झाली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगून टाकते. जांभळं मला कधीच आवडली नाहीत, घशात तुरट बसतात. तू पदरात घेऊन यायचीस म्हणून खायचे. यंदा झाड धरलं, तर पोटभर खाणार आहे.