आजीचं डावं

३ मार्च, सोमवार

न विचारता! माझं बोलणं, माझ्या घरातलं, माझ्या नवऱ्याला केलेलं — ते उचललं आणि एक्केचाळीस परक्या माणसांना ऐकवलं! वर मला येऊन सांगते, "आजी, तू सगळ्यांना खूप आवडलीस." आवडायला मी काय दुकानातली बाहुली आहे?

ही माझी नात. लहानपणी एका जागी ठरत नव्हती म्हणून भिंगरी नाव पडलं. आता दिवसभर खुर्चीला चिकटलेली असते. गेम बनवतेय. डोंगरातली गुहा, आत खजिना, वाटेत पाणी, अस्वल आणि काय काय. न दिसणाऱ्या माणसालाही तो खेळता यावा, नुसत्या कानांवर. कल्पना बरी आहे. तिला तसं सांगणार नाही.

वाट सांगायला तिनं एक बाई आणली होती, पाकात बुडवलेल्या आवाजाची. "कृपया सावधगिरी बाळगा." खेळून बघणाऱ्यांनी लिहून पाठवलं — सावध कशापासून? बाईचं वाक्य संपेपर्यंत आम्ही पाण्यात! मग या कार्टीनं काय केलं, तर मी आमच्या ह्यांना ओरडत होते ते फोनवर टिपलं आणि गुहेत घातलं. ह्यांची नजर जाऊन अकरा वर्षं झाली. घरभर मीच त्यांना तोंडानं चालवते. "अहो, थांबा! पुढे बादली! डोळे गेले ते गेले, कान कुठे गेले?" हे आता एक्केचाळीस जण ऐकतात. आणि हसतात म्हणे.

४ मार्च

नाही म्हणून सांगितलं. विषय संपला.

६ मार्च, गुरुवार

विषय संपला नव्हता. भिंगरी स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसली. "आजी, एकोणतीस तारखेला ते एक्केचाळीस जण निकाल देणार. हो म्हणाले तर मला पैसे देणारी संस्था गेम बाहेर काढेल. नाही म्हणाले तर मी परत विमा कंपनीत."

ती विमा कंपनी लांब, दुसऱ्या शहरात. तिथे दोन वर्षं होती तेव्हा गालांची हाडं वर आली होती. मी म्हटलं, जा, माझी खोली मोकळी होईल.

मग विचारलं, कुठे बसून बोलायचं?

८ मार्च, शनिवार

पांघरुणांच्या कपाटात! तिथे आवाज घुमत नाही म्हणे. माझं डोकं उशांत, आणि ही बाहेरून सांगते, "समोर अस्वल आहे असं समज." म्हटलं, समजायला कशाला हवं, दार उघडलं की तूच दिसतेस.

कागदावरचं वाच म्हणाली. माझी शाळा चौथीपर्यंत. वाचायला लागले की माझा आवाज सरकारी खिडकीतल्या माणसासारखा होतो. कागद फेकला, कपाटही सोडलं. शेवटी तिनं मधल्या बोळात फरशीवर खडूनं गुहेतला पूल आखला. त्यावरून ती हातात फोन धरून माझ्याकडे चालत येते आणि मी समोरच्या टोकाला उभी राहून, जसं ह्यांना सांगते तसं सांगते. डावीकडे, उजवीकडे, थांबा, वाका. हे जमलं. जमणारच! अकरा वर्षं तेच करतेय. ह्यांचं एक हाड मोडू दिलं नाही. काठी लागली नाही माझ्यामुळे — शेजारणीला विचारा.

१० मार्च, सोमवार

लोकांचे निरोप. भिंगरी वाचते, मी भाजी निवडते.

एक सुतार आहे, उजव्या हाताची बोटं करवतीत गेलेली. "दोन बटणं एकदम दाबायला लावू नका. अस्वल माझ्यासाठी थांबत नाही." त्याच्यासाठी एका बटणावर सगळं केलं. एक शाळकरी मुलगी, तिला ऐकू येत नाही. "आजी ओरडते ते अक्षरांत दाखवा. जितकी चिडेल तितकी अक्षरं जाड करा." माझी अक्षरं आता दारातून आत मावणार नाहीत. आणखी एकानं लिहिलंय — आजींना जरा हळू बोलायला सांगा. मी म्हटलं, कळव त्याला, तू जरा पटपट चाल. पण भिंगरीनं त्याचंही बटण केलं. नळासारखं आता मला बारीक-मोठं सोडता येतं.

१२ मार्च, बुधवार

पुलावरून पडले. सगळे!

दोरांचा पूल, खाली दरी, मिट्ट काळोख. तिथे दिसणाऱ्यालाही दिसत नाही, फळी कुठे आहे ते फक्त मी सांगते. आणि सगळे धबाधब खाली. सुतार बावीस वेळा पडला. शाळकरी मुलगी विचारते, "आजी, तुझं आमच्याशी काही वैर आहे का?" दोघांनी तर लिहिलं — ती कृपयावाली बाई परत आणा.

भिंगरी स्वतः खेळली तर नीट पार! अर्थात. पूल तिनंच बांधलाय, फळ्या पाठ आहेत. मी म्हटलं, ही माणसं बहिरी आहेत. "एकच बहिरी आहे आजी," ती म्हणाली, "आणि ती वाचून पडली."

जेवली नाही. सतरा दिवस उरलेत.

१३ मार्च, गुरुवार

सापडलं. न सापडतं तर बरं झालं असतं.

कोण कुठे पडलं याची यादी भिंगरीच्या कॉम्प्युटरवर येते. चाळीस पडले. एक्केचाळिसावा तीनदा खेळला, तिन्ही वेळा पार! त्यानं नाव लावलंय "घुबड". कोण हा घुबड? भिंगरीनं त्याला लिहायला घेतलं — तुम्ही कसे गेलात, ते कृपया कळवा — आणि मोठ्यानं म्हणत लिहीत होती. तर आतल्या खोलीतून आवाज आला, "लिहितेस कशाला? हाक मार की!"

आमचे हे! मला वाटायचं, फोन कानाला लावून बातम्या ऐकतात.

"सोपं आहे," म्हणाले. "तुझी आजी डावं म्हणाली की उजवीकडे जायचं."

मी समोर उभी असते ना. माझा हात बघून सांगते. माझा डावा तो समोरून येणाऱ्याचा उजवा. भिंगरीचं लक्ष फोनवर आणि पाय खडूवर, तिला कळलंच नाही. आणि ह्यांनी अकरा वर्षं मनातल्या मनात उलटं केलं!

भिंगरी हसून हसून जमिनीवर बसली. मी जाऊन भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

१४ मार्च

अकरा वर्षं!

१६ मार्च, रविवार

विचारलं. "अहो, एकदा तरी बोलायचं!"

"पहिल्या आठवड्यात दोनदा आपटलो. मग कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इतक्या जोरात सांगत होतीस. म्हटलं, माझंच चुकत असेल."

या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. शेजारणीला मी काय काय ऐकवलंय, ते आठवून दिवसभर कान तापले.

१९ मार्च, बुधवार

सगळं परत बोलायचं. तीनशे बारा वाक्यं. आता मी भिंगरीच्या पाठीमागे उभी राहते, म्हणजे तिचं डावं तेच माझं डावं. मनगटाला लाल दोरा बांधलाय, तरी जीभ उलटी फिरते.

सगळे पार झाले! सुतारानं कळवलं, "बावीस वेळा मेलो, आज जन्मलो." आणि घुबड पडला. नऊ वेळा.

घरात त्याहून कहर. भिंगरीनं बोळात खोकं ठेवलेलं. मी ह्यांना डावीकडून या म्हटलं — खरं डावं! तोंडाला तेच बसलंय आता. हे सरळ कपाटावर. कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ. "आधी सांगायचंस ना, आजपासून बरोबर बोलणार म्हणून!" — हे मला म्हणतात!

२२ मार्च, शनिवार

भिंगरी जुनं पुसायला निघाली. घुबडानं सगळ्यांना कळवलं — जुनं काढलंत तर मी खेळणार नाही. झालं, जुंपली. कुणी म्हणे चूक ती चूक. कुणी म्हणे सगळ्यांना गोंधळात टाकू नका. सुतार म्हणाला, "माझ्या एकट्याच्या हातासाठी बटण केलंत तेव्हा कुणी बोललं नाही. म्हाताऱ्याच्या कानासाठीही करा."

आता गेम सुरू होतानाच विचारतो — डावं कुणाचं हवं? तुमचं की आजीचं? सहा जणांनी आजीचं घेतलंय. गंमत म्हणून. पडतात आणि परत तेच घेतात.

२९ मार्च, शनिवार

निकाल. एकोणचाळीस हो, दोन नाही. संस्थेचा फोन आला, गेम बाहेर काढणार! भिंगरीनं मला उचललंच. म्हटलं, ठेव खाली, कंबर माझी आहे.

पहिला नाही कुणाचा तरी, म्हणे आजी एकदाही शाबास म्हणत नाही. म्हणून खजिन्यापाशी काहीतरी गोड बोल म्हणाली भिंगरी. बोलले — "आलात? पाय पुसा आणि आत या." यापेक्षा गोड मला येत नाही.

दुसरा नाही घुबडाचा. मला म्हणतात, "सगळेच हो म्हणाले असते तर तू चढून गेली असतीस, मला घरात राहू दिलं नसतंस." आधी बाकीच्यांची मतं मोजून घेतली होती म्हणे. लबाड!

३० मार्च, रविवार

आज उठल्यापासून तोंड उघडलं नाही. मुद्दाम. बघायचं होतं.

हे उठले. बाथरूमला जाऊन आले. खुर्ची सापडली. चहा स्वतः ओतून घेतला. पडलेला चमचा उचलला. दुपारी दोनदा गॅलरीत जाऊन आले. कुठेही आपटले नाहीत. ना माझं डावं लागलं, ना खरं. कधीपासून लागत नाही कोण जाणे.

चारच्या सुमाराला बोळात मध्येच उभे राहिले. पुढे काही नव्हतं, वाट मोकळी. "अगं, आहेस ना?" म्हणाले. थांबले. परत म्हणाले, "आहेस ना गं?"

भिंगरी उठायला लागली. दंड धरून खाली बसवली. म्हटलं, गप्प बस. ओ मी देणार.