रॅम्प, कठडा आणि माझे दोन हात

ताईस,

पत्राच्या सुरुवातीला थोरल्या बहिणीच्या पाया पडायचं असतं, पण वाकणं तूर्त बंद असल्यामुळे मान लववते आहे, ती गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? माझे ठीक आहेत, त्यांना काही कामच उरलेलं नाही. (हसलीस तरी चालेल. इथे सगळे माझ्यासमोर चेहरे पाडून बसतात, त्याचाच जास्त त्रास होतो.)

मी व्हीलचेअरवर बसायला लागून सात महिने झाले आणि दारापुढच्या चार पायऱ्यांमुळे सातही महिने घरातच गेले. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत इतक्या फेऱ्या मारल्या की फरशीवर चाकांच्या रेघा उमटल्या आहेत. बाहेर जायचं म्हणजे हे आणि शेजारचा सुतार मला खुर्चीसकट उचलणार, पाण्याचं पिंप उचलावं तसं. मला एकटीला कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं आहे, एवढंच माझं मागणं. शेवटी ह्यांनी मनावर घेतलं आणि रॅम्प बांधायचं ठरलं.

ह्यांचा सगळा जन्म शिवणयंत्रावर गेला, त्यामुळे माप दुसऱ्या कोणी घेतलेलं ह्यांना खपत नाही. गवंडी आला, तर ह्यांनी त्याच्या हातातली टेप काढून घेतली आणि स्वतःच्या गळ्यातली लावली. गवंड्याने चिडून पायऱ्यांवरच सिमेंट ओतलं आणि सरळ घसरगुंडी करून दिली. मी म्हटलं, आधी दुसऱ्या कोणाला तरी बसवून बघा. कोणी तयार होईना, तेव्हा ह्यांनी दुकानातला कपडे चढवायचा पुतळा आणला, खुर्चीत पट्ट्याने बांधला आणि दिला सोडून. पुतळा फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून थेट समोरच्या सलूनमध्ये. सलूनवाला तो स्वतः परत घेऊन आला आणि शांतपणे म्हणाला, "ह्याला डोकंच नाही, मी कापू काय?" गवंडी दोन दिवस फिरकला नाही.

मग फोडाफोडी, धूळ आणि नवा रॅम्प, चांगला लांबलचक, अंगणात एक वळण घेऊन फाटकाशी टेकणारा. (माझी गुलाबाची दोन रोपं त्यात गेली. तिसरं वाचलं होतं, त्यावर गवंड्याने घमेलं ठेवलं.) दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. त्यांचं माप अर्थात ह्यांनीच घेतलं, आणि खुर्ची त्यात अशी बसली, जशी ह्यांनी शिवलेली बाही दंडाला बसते. अर्धी गल्ली बघायला जमली होती. मी ऐटीत चाकांना हात घातला आणि बोटं सोलवटली. खुर्चीला जागा होती, चाकं फिरवणाऱ्या हातांना नव्हती. प्रत्येक शिवणीत दोन बोटं जादा कापडाची माया सोडणारा हा माणूस माझे हातच विसरला. मागून कोणी ढकललं तरच मी पुढे सरकणार, असा तो रॅम्प होता. त्या दिवशी मी जेवले नाही. हेही जेवले नाहीत. मी रागावले आहे असं सगळ्यांना सांगितलं, पण तुला म्हणून सांगते, मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला एक कठडा वीतभर बाहेर सरकवून गेला. आता रॅम्प झकास आहे. पोस्टमन त्यावरून सायकल दारापर्यंत आणतो आणि शेजारचं मांजर मधोमध ऊन खात पसरतं. तेव्हा आमची काळजी नसावी.

तुझी,
धाकटी

ता.क. खरी गोष्ट इथे लिहिते, कारण वरचं पत्र ह्यांनी वाचलं आहे. रॅम्प होऊन तीन आठवडे झाले, पण मी अजून एकदाही एकटी गेलेले नाही. हे खुर्चीची मागची मूठ सोडतच नाहीत. सोडा म्हटलं की म्हणतात, फक्त वळणापर्यंत. वळण झालं की फाटकापर्यंत. म्हणून तू ह्यांना पडद्यांची मापं घ्यायला बोलावून घे आणि दिवसभर अडकवून ठेव. खिडक्या कमी पडल्या तर शेजाऱ्यांच्या दाखव.

ता.क. २. पडदे राहू देत. हे दोरा आणायला गेले तेवढ्यात मी निघाले. आत्ता कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी आहे आणि मांडीवर कागद ठेवून लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे. वळणावर एकदा थांबले, तळवे पदराला पुसले आणि पुन्हा चाकांना हात घातला. मागे वळून पाहिलं, तर हे परत येऊन फाटकात उभे आहेत, गळ्यातली टेप दोन्ही हातांनी घट्ट धरून. पुढे येत नाहीत. ताई, मला फार बरं वाटतंय. तुझ्या दाराला पायऱ्या किती आहेत, ते मोजून कळव.