जे. पी. नगरच्या पायरीवर मी दिसलो, त्याचा खुलासा

राजाजीनगर, बेंगळुरू
रविवार

तीर्थरूप अनुसूयाअक्का,

गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार. तुझा रक्तदाब, धारवाडची हवा आणि भावोजींचा स्वभाव, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे तुझी भावजय श्रीविद्या मजेत आहे. माझ्याबद्दल बिंदुमाधवाने तुला फोनवर जे सांगितलं ते मात्र खोटं आहे. म्हणजे त्याने पाहिलं ते खरं, समजला ते खोटं. जे. पी. नगरात एका बंद दुकानाच्या पायरीवर मी फाटक्या सदऱ्यात, गोणपाट पांघरून बसलो होतो, हे मान्य. पण मी तिथे राहत नव्हतो, अभिनय करत होतो. (आयुष्यभर कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेला हा माणूस मला पाहून रस्ता ओलांडून गेला. जवळ येऊन विचारायला त्याला संकोच वाटला, साऱ्या नातेवाइकांना कळवायला वाटला नाही.)

झालं असं, की आमच्या शेजारच्या रघुपतींचा प्रणीत एचएसआर लेआउटमधली नोकरी सोडून सिनेमा काढतोय. विनोदी. एका बेघर म्हाताऱ्याला काही स्टार्टअपवाली पोरं चुकून मोठा गुंतवणूकदार समजतात आणि त्याच्या ढेकरांतून धंद्याचे सल्ले शोधतात, अशी गोष्ट. बेघर माणसांचा त्याने खोल अभ्यास केला होता, म्हणजे त्यांच्यावरचे देशोदेशीचे विनोदी सिनेमे घरी सोफ्यावर बसून पाहिले होते. त्यातून त्याला असं कळलं, की बेघर माणूस मनाने श्रीमंत असतो, कुत्र्यांशी बोलतो आणि मध्यंतराच्या आसपास नाचतो. आमच्या मंडळाच्या गणपतीत नाटकातलं माझं काम त्याने पाहिलं होतं. काका, तुमच्या चेहऱ्यातच ते आहे, म्हणाला. काय आहे, हे मी विचारलं नाही. श्रीविद्येला ते लगेच पटलं.

कपड्यांचं खातं आश्लेषा नावाच्या मुलीकडे होतं. मी घरात घालतो तो बनियन श्रीविद्येने मोठ्या उत्साहाने तिला दाखवला. ती म्हणाली, इतकं नको, प्रेक्षकांना अतिरंजित वाटेल. मग तिने मॉलमधून नवाकोरा सदरा आणला, तो कात्रीने फाडला, कॉफीत बुडवला आणि इस्त्री करून मला घातला.

पायरीही तशीच तयार केली. आधी घासून स्वच्छ धुतली, मग तिच्यावर रंगाने घाण काढली. (खरी घाण कॅमेऱ्यात नीट येत नाही म्हणे.) त्या पायरीवर गोजराबाई नावाची एक म्हातारी खरोखरच राहायची. बिदरजवळच्या भालकीकडची, आपल्यासारखीच मराठी बोलणारी, फक्त जास्त स्पष्ट. युनिटच्या पोरांनी तिला "स्वल्प सरका अम्मा" म्हणत बोचक्यांसह कडेला बसवलं. माझी आपुलकीने चौकशी तिनेच केली. लेकानं काढलं का सुनेनं, असं तिने विचारलं. मी म्हणालो, लेक कॅनडात असतो. तर म्हणाली, "म्हणजे काढलंच की." मी तिला समजावलं, की राजाजीनगरात माझं स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे, हा सगळा सिनेमा आहे. तिने मायेने मान हलवली. "सांगा सांगा. पहिल्या पहिल्यांदा सगळेच असंच काहीतरी सांगतेत."

मग माझा नाच आला. कुणीतरी टाकलेला अर्धा बर्गर मिळाल्याच्या आनंदात मी गोणपाट फिरवत नाचायचं होतं. पहिल्या खेपेला गुडघा अडकला आणि मी बसकण मारली. युनिट इतकं हसलं, की प्रणीतने तेच ठेवायचं ठरवलं आणि मला पुन्हा पुन्हा पाडलं. मध्ये विसावलो तर गोजराबाई स्वतःचा चहाचा कप घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, ती पोरं तुम्हाला हसायलीत. त्यांच्यापुढं असं करू नका." अक्का, मंडळाच्या रंगमंचावर मी तीन अंकी नाटकं केली आहेत, पण असा अभिप्राय मला कधी मिळाला नव्हता. पुढच्या नाचात माझा पाय उचलेना. प्रणीतला वाटलं, मी भूमिकेत शिरलो.

शूटिंग संपलं, युनिटने पायरी पुन्हा धुऊन लख्ख केली आणि समाजाविषयी दोन शब्द बोलून सगळे बिर्याणी खायला गेले. पुढच्या आठवड्यात श्रीविद्येने दिलेली शाल घेऊन मी तिकडे गेलो, तर पायरीवर क्रोटनच्या कुंड्या. दुकानाच्या मालकाला ती स्वच्छ पायरी भारी आवडली होती. तशीच राहावी म्हणून त्याने कुंड्या मांडल्या आणि साखळी लावली. गोजराबाई पलीकडे ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला टेकून बसली होती. बेघरांवरच्या सिनेमाने तिची होती नव्हती ती जागा घालवली. मी तिथूनच प्रणीतला फोन केला. त्याला फार वाईट वाटलं. दुसऱ्या भागाची सुरुवात यावरूनच करू म्हणाला.

घरी येऊन श्रीविद्येला सांगितलं. तिने कुकरखालचा गॅस बंद केला, साडी बदलली आणि मला घेऊन रिक्षात बसली. गोजराबाई काही केल्या उठेना. परक्याच्या घरी कशाला, म्हणून अडून बसली. शेवटी तिने एकदा माझ्याकडे, एकदा श्रीविद्येकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्यांना परत घेतलं का घरात?"

"सध्या घेतलंय," श्रीविद्या म्हणाली.

"मग येते," म्हणत ती बोचकी आवरायला लागली.

तेव्हा मी सुखरूप आहे, छपराखाली आहे, हे तू सर्वांना कळव. भावोजींना नमस्कार, लहानांना पापे.

तुझा धाकटा,
रघुनंदन

ता. क. १ : गोजराबाईला माझी खोली दिली आहे. मी हॉलमध्ये झोपतो. उजाडायच्या आत ती झाडू घेऊन येते आणि "उठा भाऊ, दुकान उघडायची वेळ झाली" म्हणून माझी सतरंजी ओढते. शटर उघडायच्या आत जागा मोकळी करायची तिची सवय जात नाही.

ता. क. २ : दुपारभर मनमोकळं मराठी बोलायला श्रीविद्येला अखेर कुणीतरी मिळालं आहे. तिने आमच्या संसाराची साद्यंत हकिगत गोजराबाईला ऐकवली. ती ऐकल्यापासून, लेकानं काढलं ते काही उगीच नसेल, असं गोजराबाईचं मत झालं आहे.

ता. क. ३ : तुझी माडीवरची खोली रिकामी असते ना? थोडे दिवस येऊ म्हणतो. तू नको म्हणशील म्हणून तिकीट आधीच काढलंय. बॅग श्रीविद्येने भरली, मला विचारलंही नाही. वरून गोजराबाईने स्वतःची गोधडी घडी करून ठेवली. "असू द्या भाऊ," म्हणाली, "नव्या जागी पहिले दिवस जड जातेत."