वामांच्या बादलीला हात लावू नकोस

प्रिय ओरिन,

‘प्रिय’ लिहिलंय, कारण पत्र असंच सुरू करतात. हुरळून जाऊ नकोस.

बोट विकायचा कागद पोचला. बाबांची सही हवी होती ना तुला? मी त्या कागदानं निसटती वाम धरायला गेले. तेवढ्याही कामाचा नाही, लगेच फाटला.

तुला यातलं कळतं तरी काय? मागच्या ऑक्टोबरात आलास, आणि बादलीत गोणपाटाखाली बर्फावर पडलेल्या आमिषाच्या वामा बघून तुला पुळका आला. बादली पाण्यानं भरून टाकलीस. वर मला सांगतोस, “बिचाऱ्या सुकल्या असत्या, व्हर्ना!” अरे, ओल्या गोणपाटात वाम दोन दिवस जगते आणि साचल्या पाण्यात घुसमटून मरते, हे सकॉनेटच्या धक्क्यावर शेंबडं पोरही सांगेल. सकाळी वीसच्या वीस मेलेल्या. भरती चांगली, पट्टेरी बास मासे खडकांशी आलेले, आणि गळाला लावायला जिवंत आमिष एक नाही. बाबा म्हणाले, “जाऊ दे, पोरगं मायाळू आहे.” माझ्या हातून झालं असतं तर धक्क्यावरून ढकललं असतं मला.

आता बाबांना दिसत नाही. तरी मी बोट खडकांपाशी धरते आणि ते गळ टाकतात. बास जवळ आला की खाली वाम घाबरून थरथरते. ते दोरीतून बाबांच्या बोटांना कळतं. “आला,” म्हणतात. मग कुणीतरी मोठ्यानं तीनपर्यंत मोजायचं, तोवर मासा वाम गिळतो, आणि मग ओढायचं. मोजायचं काम तुझं. आठ वर्षांचा होतास तेव्हापासून.

मंगळवारी सकाळी वाम थरथरली. बाबा म्हणाले, “ओरिन, मोज.” मी मोजलं. त्यांनी ओढलंच नाही. मासा आमिष घेऊन गेला. “हा ओरिनचा आवाज नाही,” म्हणाले आणि गळाची काठी माझ्या हातात दिली. तीस वर्षं बर्फ मी फोडते, वामा मी सांभाळते, बोट मी हाकते. आणि मोजायला मात्र तू!

तेव्हापासून त्यांनी काठी हातात घेतलेली नाही. डॉक्टर म्हणतात, थंडी पडेपर्यंतच आहेत. बासही तोवरच आहेत इथं. म्हणून लिहिलं. ये. बोटीत बस, तीनपर्यंत मोज, बाकी तोंड बंद ठेव. विकायचा विषय काढलास किंवा बादलीला हात लावलास, तर खडकावर सोडून येईन तुला.

नाइलाजानं तुझीच बहीण,
व्हर्ना