सरळ केलेलं टोक

पोलादपूर, ९ डिसेंबर १९५८

धोंडू मेस्त्रीवर रागवायला गेलो आणि न रागावता आलो.

धाकट्या भावाने पलटणीतून मागच्या रजेवर येताना आपल्या लेकीसाठी, शालूसाठी काश्मीरहून बर्फावर घसरायच्या छोट्या लाकडी फळ्या आणल्या होत्या. पोरगी त्या पायाला बांधून मागच्या टेकडीच्या वाळक्या गवतावर घसरते. रविवारी तो पुन्हा येणार, त्याला घसरून दाखवायचं म्हणून दुरुस्तीला दिल्या. मेस्त्रीने चीर सुरेख भरली, टाचांच्या भेगांना लावतो ते कोकमाचं तेल तळाला चोळलं. पण एका फळीचं वर वळलेलं टोक भिजवून, दगडाखाली दाबून सरळ करून टाकलं!

"ओलीनं वाकलंय वाटलं, अण्णा. चुकलं काय?"

"आता ते मातीत घुसेल ना, मेस्त्रीकाका!" शालू रडवेली.

चूक कोणाची? रोज बातम्या लिहिणाऱ्या मला एक चिठ्ठी लिहिता आली नाही. ते टोक तसंच असतं, एवढंच तर सांगायचं होतं.

त्याने टोक उकळत्या पाण्यात धरलं, दुसऱ्या फळीकडे बघत वाकवलं, उखळाला आवळून बांधलं.

"शनिवारपातूर सोडायचं नाय. बरफ कसा असतो गो?"

"मी कुठे पाहिलाय? बाबांना विचारू."

"मग मला पन बोलाव."

टोक टिकू दे.