थांबायची ओळ

चोपडा,
९ ऑक्टोबर २०२५

अभिमन नाना,
पाया पडतो. सोमवारपासून लिहीन लिहीन म्हणतोय आणि रोज नवं निमित्त काढतोय. परवा कागद आणायला निघालो, तर थेट बोदवडला मित्राच्या साखरपुड्यात जेवून आलो. फोन का नाही केला? तुम्ही नुसतं "काय रे बबल्या?" म्हणाला असता, तरी मी फोन कापला असता.

गुडघा कसा आहे? धुळ्याचा कंप्यूटर क्लास बंद केलात म्हणे. मी तो अर्धवट सोडून पळालो, मग सुरत, मग वरणगावला मोबाइल दुरुस्ती (तिथली भजी, नाना! असो). आता इथं लखीचंद शेठच्या केळी पिकवायच्या चेंबरवर आहे. आणि इथले पंखे आणि केळी पिकवायचा गॅस चालवणारा प्रोग्राम निघाला तुमचा! जुन्या बेसिकमधला. तो कंप्यूटर आता चालू होतानाच खोकतो, म्हणून शेठ म्हणाले, "बबलू, हे नव्यात आणून दे." एआयला विचारत विचारत पायथनमध्ये उतरवला. केळी पिवळीधमक निघतात.

एक विचारायचं होतं. लाइट जाऊन आली की तुमचा प्रोग्राम आधी आतली हवा बाहेर फेकणारा पंखा लावायचा आणि बाहेरचं बटण कोणी दाबेपर्यंत थांबायचा. तोवर गॅस सोडायचा नाही. ते जुन्या मशीनला दम मिळावा म्हणूनच होतं ना? तसंच असेल. नव्यात ती ओळ राहून गेली.

सोमवारी सकाळी लाइट गेली. लखन बॅटरी घेऊन आत केळी बघायला गेला. लखन म्हणजे आमच्याकडे क्रेट उचलणारा, सातपुड्याच्या पायथ्याचा. चेंबरचं दार मागे आपोआप लागतं. लाइट आली आणि नवा प्रोग्राम जिथं थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. गॅससकट. आत क्रेट पडल्याचा आवाज आला, म्हणून मी दार उघडलं आणि काखेत हात घालून त्याला ओढला. "भाऊ, डोकं फिरी ऱ्हायनं," एवढं म्हणाला आणि ओकला.

शेठ धावत आले. माणूस वाईट नाही, दवाखान्यात त्यांनीच नेलं. पण आधी म्हणाले, "सकाळी सकाळीच लावून आला का रे?"

"शेठ, मी पेत नही."

"मग काय केळी चढली?"

सगळे हसले. मीपण हसलो, नाना.

लखन आता बरा आहे, पण शेठनी त्याला कामावरून काढलाय. दारुडा आत पडून मेला तर कोण निस्तरणार, म्हणतात. आणि सगळे मला म्हणतात, बबलूनं जीव वाचवला.

ओळ राहून गेली नाही. एआयनं ती जशीच्या तशी उतरवली होती, वर विचारलंही होतं की ही ठेवायची ना. मी काढली. लाइट आली की कोणाला जागचं उठायलाच नको, असं शेठसमोर मिरवायचं होतं. काल ती गुपचूप परत घातली. लखनबद्दल मात्र तोंड उघडलं नाही. सांगितलं तर मलाही हाकलतील, आणि पहिल्यांदाच कुठंतरी टिकलोय.

तुमच्या वेळी आत कोणी अडकलं होतं का हो? तुम्हाला कसं सुचलं?

थांबा, फाटकाशी कोणी बाई आलीय.

लखनची आई आहे, दिवालीबाई. पायथ्याहून एवढ्या लांब एकटी आली, ओच्यात सीताफळं घेऊन. शेठना विचारतेय, "मना पोऱ्याले बाहेर काढनारा पोऱ्या कोठे शे?" शेठ हसून माझ्या खोलीकडे बोट दाखवतायत. ती इकडेच येतेय. शेठही मागून येतायत.

सीताफळाला हात लावायच्या आधी सांगतो. दोघं समोर आहेत तोवरच.

हे पत्र पोचेल तेव्हा बहुतेक इथं नसलेला,
तुमचा बबलू