बाबांची चादर आणि आमच्या जिवाला घोर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो सध्या उभ्यानेच करतो आहे, पण तू आडवा समजून घे.) तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तुमच्या जिन्यातला तो सारखा बंद पडणारा दिवा, सगळे ठीक असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही खुशाल आहोत, आणि या खेपेला हे वाक्य रीत म्हणून लिहीत नाही, खरोखरच खुशाल आहोत. मागच्या पत्राने मी तुझी झोप उडवली होती, तेव्हा आधी एवढंच वाच आणि घोटभर पाणी पी : बाबांना काहीही झालेलं नाही. आता सावकाश सांगतो.

मागच्या पत्रात मी सगळं आडून आडून लिहिलं होतं. त्यामुळे निम्मं तुला कळलं नाही आणि उरलेलं निम्मं तू आहे त्याहून भयंकर समजलीस, असं तुझ्या फोनवरच्या रडण्यावरून वाटलं. म्हणून पहिल्यापासून लिहितो. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले ते त्यांचा तो जुना डबल बेड घेऊनच. (तो जिन्यातून वर चढवताना हमालांनी माझ्यादेखत आपल्या पूर्वजांचा जो उद्धार केला, तो वेगळा विषय आहे.) काही दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी ही मागच्या गॅलरीत गेली, तर दोरीवर बाबांच्या पलंगावरची चादर, ठिबकत असलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नंतर तर रोजचंच झालं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतला नाही, तो आम्ही उठायच्या आत भली थोरली चादर धुऊन वाळत घालतो, याचा अर्थ कुठल्याही घरात जो लावला असता तोच आम्ही लावला. फक्त तोंडाने कुणी उच्चारला नाही. ही एवढी गणिताची मास्तरीण, वर्गात कुणाला घाबरत नाही, पण तीसुद्धा नुसतं 'ते' म्हणायची. "आज ते झालं का हो?" "झालेलं दिसतंय, दोरीवर आहे." असे आमचे संवाद. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर आपल्या यजमानांना गॅलरीकडे बोट दाखवून सुनावलं, की बघा, या वयातही माणूस किती टापटिपीचा असतो. तेव्हापासून ते यजमान जिन्यात बाबांना ओळख देत नाहीत.

मग तू फोनवर सुचवलेलं मेणकापड आणलं. बाबा खाली फिरायला गेलेले पाहून आम्ही दोघांनी ते चादरीखाली असं अंथरलं की हात फिरवला तरी कळू नये. हाताला कळत नव्हतंही. पण वर बसलं की नवी छत्री उघडल्यासारखा आवाज व्हायचा, हे आमच्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी जेवायला बसतो तर मेणकापड टेबलावर! बाबा ते तळहाताने सारखं करत म्हणाले, "कुणीतरी चुकून माझ्या गादीवर ठेवलं होतं. छान आहे गं सूनबाई, काही सांडलं तरी पटकन पुसून निघेल." त्यांच्या तोंडून 'सांडलं' हा शब्द ऐकून हिला ठसका लागला. त्यानंतर आम्ही त्यावरच जेवतो. (पहिले काही दिवस घास उतरत नव्हता. आता उतरतो. माणूस कशालाही सरावतो.)

पुढचा धक्का मुंग्यांचा. ही उशीचे अभ्रे बदलायला म्हणून बाबांच्या खोलीत गेली, तर गादीच्या कडेने मुंग्यांची रांग चाललेली, आणि चादरीवर अर्धवट धुतला गेलेला एक फिकट पिवळसर डाग, एखाद्या बेटाच्या नकाशासारखा. ही तशीच स्वयंपाकघरात आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "साखर." मी डबा पुढे केला. "डबा काय देताय? बाबांना साखर आहे, साखर!" झालं. बाबांना नाकात बोलणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. (तेच ते, ज्यांना 'म' म्हणता येत नाही.) ज्येष्ठ नागरिकांची अशी तपासणी करतातच, अशी थाप मारून त्यांना जे जे द्यायचं ते द्यायला लावलं. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "हा बाणूस तुबच्याहून तरुण आहे." साखर नाही, मूत्रपिंड उत्तम, सगळं उत्तम. याने आनंद व्हायला हवा होता. पण मग चादर का? आता हिला वाटायला लागलं की दुखणं डोक्यातलं असणार, आणि आमचा घोर दुप्पट झाला.

याच दिवसांत मी आणखी एक शहाणपणा केला. बाबांच्या ऑफिसातली जुनी चौकडी डोंगरावरच्या एका विश्रामगृहात राहायला जाणार होती, एका खोलीत दोघे दोघे. मला त्या खोलीतली चादर डोळ्यांपुढे दिसायला लागली. चारचौघांत बाबांची शोभा नको, म्हणून मी परस्पर त्यांच्या मित्राला फोन करून सांगितलं की बाबांची कंबर धरली आहे, या वेळी त्यांना सोडा. (अगदीच खोटं नव्हतं. कंबर आमच्याच घरात धरली होती, फक्त माझी.) पण मित्र पडले प्रेमळ. त्यांनी कंबर कशी आहे म्हणून चौकशी करायला थेट बाबांनाच फोन लावला. बाबांनी फोन ठेवला. जेवले, ताट उचललं आणि खोलीचं दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोरीवर चादर होतीच, शिवाय दोन्ही अभ्रे आणि पांघरूण.

आता मात्र हिने मला गॅलरीत ढकललंच. बाबा चादरीचं एक टोक नळाला अडकवून दुसरं टोक पिळत होते. एवढी चादर एकट्याने पिळणं म्हणजे काय, ते एकदा करून बघ. मी नळावरचं टोक सोडवून हातात घेतलं. आधी आम्ही दोघेही एकाच बाजूला पीळ देत होतो, त्यामुळे चादर नुसती गोल फिरत राहिली. "उलटा दे, उलटा," बाबा म्हणाले. मी दिला आणि तेवढ्यात धीर करून सुरुवात केली.

"बाबा, या वयात होतं असं."

ते थबकले. "तुला कळलं?"

"चादरीवरून."

"सूनबाईला?"

"तिलाही."

"लाज वाटते रे," ते चादरीकडे बघत म्हणाले. "पण राहवत नाही."

"कधीपासून?"

"तुझी आई गेल्यापासून. इकडे आल्यावर रोज."

"झोपेत होतं?"

"झोपेत कसं होईल? चांगला उठून बसतो, चष्मा लावतो."

"चष्मा कशाला, बाबा?"

"वाचायला. आणि जॅम कडेपर्यंत लागला की नाही ते बघायला."

ताई, माझ्या हातातून टोक सुटलं आणि ओली चादर थेट पायांवर आली. जॅम! संत्र्याचा जॅम, भाजलेला पाव आणि रहस्यकथा, असा बाबांचा रोजचा पहाटेचा कार्यक्रम होता, आणि तोसुद्धा पलंगावर! गादीवर खायचं नाही हा आईचा कायदा किती कडक होता, ते तुला सांगायला नको. बिस्किटाचा एक कण सापडला की ती गादीसकट आपल्याला बाहेर काढायची, गादीला ऊन दाखवायची आणि आपल्याला हात. आणि तेव्हा तिच्या मागे उभे राहून "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणणारे हेच बाबा!

मी म्हटलं, मग टेबलावर बसून खा की, कोण नाही म्हणतंय? त्यावर बाबांनी नळ घट्ट बंद केला. मग म्हणाले, "जाग आली की बघतो, तर तिच्या बाजूची चादर जशीच्या तशी. एक सुरकुती नसते. ते बघवत नाही. म्हणून मी तिकडे सरकून बसतो. खातो, वाचतो, जरा चुरगळतो. मग ती बाजू वापरलेली दिसते. पण मग हे डाग दिसतात आणि वाटतं, तिने पाहिलं असतं तर धडगत नव्हती. म्हणून लगेच धुऊन टाकतो. आधी गार पाण्यात भिजवायची. गरम पाण्याने डाग पक्का बसतो, असं ती म्हणायची."

मी चादर उचलली आणि पुन्हा नळाखाली धरली. मग आम्ही ती परत पिळली, नीट, उलटा पीळ देऊन.

वाळत घालताना मी बाबांना आमचा समज काय झाला होता ते सांगून टाकलं. आधी ते लाल झाले. "मला? मला काय समजलात रे तुम्ही?" मग जे हसायला लागले ते वरच्या काकूंच्या यजमानांनी खिडकी उघडून बघेपर्यंत. हसता हसता एकदम थांबले आणि म्हणाले, "म्हणजे ते मेणकापड... आणि त्यावर आपण जेवतोय?"

त्याच सकाळी मी त्यांच्या मित्राला फोन करून कंबर चमत्कार झाल्यासारखी सुटल्याचं कळवलं. बाबा काल सहलीला गेले, शीळ घालत. आम्ही त्यांची गादी उन्हात टाकली, झोडपली आणि उलटी करून घातली. मुंग्या गेल्या. ही आज दुपारी वह्या तपासायला म्हणून त्या पलंगावर आईच्या बाजूला जाऊन बसली आणि तिथेच गाढ झोपली. किती दिवसांनी अशी झोपली. मी दार ओढून घेतलं आणि तुला लिहायला बसलो.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांचा फोन आला तर चादरीचं अवाक्षर काढू नकोस. तुला यातलं काही माहीत नाही, असं मी त्यांना शपथेवर सांगितलं आहे.

आणखी ता. क. एक लिहायचं राहिलं. बाबा एकटे तपासणीला तयार होईनात, म्हणून त्यांना सोबत म्हणून मीही रक्त दिलं होतं. साखर मला निघाली. फार नाही, किंचित, पथ्याने आटोक्यात येईल असं डॉक्टर म्हणाले. (खरं तर 'आटोक्यात येईल, पण बन आवरा' असं म्हणाले.) हिला अजून सांगितलेलं नाही. ते तू फोन करून सांग. तुझ्यावर ती ओरडत नाही. आणि लवकर सांग, कारण बाबांना कळलं आहे. काल निघताना जॅमची बाटली पिशवीत घालत मला म्हणाले, "घरात नको. तुला राहवणार नाही."